फ्रँचायझी घेण्यापूर्वी : करारनामा, नोटीस आणि न्यायालयाचे गाव

बडोदे शहराच्या पश्चिम भागात, गोरवा आणि इलोरा पार्क यांच्या शेजारी सुभानपुरा ही वस्ती आहे. बडोद्याची सेव-उसळ प्रसिद्ध आहे. मराठी घरातल्या उसळीला झणझणीत तरी, शेव आणि पावाची जोड देऊन त्या शहराने हा पदार्थ आपलासा करून घेतला. समजा, सुभानपुऱ्यातील अशाच एखाद्या चालत्या दुकानाचे नाव, पाटी आणि पाककृती घेऊन म्हापशातील एका कुटुंबाला शाखा उघडायची आहे. उदाहरण कल्पित आहे. व्यवहार मात्र नेहमीचा आहे. बोलणी बहुधा ओळखीच्या माणसामार्फत होतात. नावासाठी एकरकमी शुल्क ठरते, अनामत ठरते, महिन्याच्या विक्रीवरील टक्का ठरतो आणि ‘कागद सावकाश करू’ असे म्हणून दुकानाच्या फरशा बसवायला प्रारंभ होतो. पुढे कधी बिनसले, तर हाती उरतात ती बँकेतून पाठवलेल्या रकमांची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश.

हा सावकाशपणा भारतात विशेष महाग पडतो, कारण आपल्याकडे फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदाच नाही. फ्रँचायझी म्हणजे काय याची व्याख्या केंद्रीय कायद्यात आली, ती कर आकारण्याच्या निमित्ताने. २००३ साली या व्यवहारावर सेवाकर लागू झाला, तेव्हा वित्त अधिनियमात ती घालण्यात आली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर सेवाकर गेला आणि ती व्याख्याही इतिहासजमा झाली. अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझी देणाऱ्यावर माहिती उघड करण्याचे बंधन आहे. आजच्या नियमानुसार सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी त्याला २३ शीर्षकांखाली आपल्या व्यवसायाची, वादांची आणि बंद पडलेल्या शाखांची माहिती लेखी द्यावी लागते. भारतात असे कोणतेही बंधन नाही. येथे हा व्यवहार १८७२ चा करार अधिनियम, १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम, २००२ चा स्पर्धा अधिनियम आणि १९६३ चा विशिष्ट अनुतोष अधिनियम अशा सर्वसाधारण कायद्यांच्या आधाराने चालतो. घेणाऱ्याला कायदा आपणहून जे संरक्षण देत नाही, ते त्याला कागदावर मागून घ्यावे लागते. आणि मागण्याची वेळ सहीपूर्वीचीच असते.

नाव नेमके कोणाचे?

पहिला कागद मागायचा तो व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा. दुकान वीस वर्षे चालले आहे, पाटीवर नाव आहे, गिऱ्हाईक नावाने ओळखते, एवढ्याने ते नाव दुसऱ्याला देण्याचा अधिकार सिद्ध होत नाही. कौटुंबिक व्यवसायांत तर हा प्रश्न हमखास अडतो. दुकान वडिलांनी काढलेले असते, पुढे दोघे भाऊ वेगळे होतात आणि दोघेही तेच नाव लावतात. त्यांपैकी एक म्हापशाला फ्रँचायझी देतो आणि वर्षभराने दुसऱ्याच्या वकिलाची नोटीस येते. म्हणून नोंदणी कोणाच्या नावावर आहे, भागीदारी असल्यास भागीदारीपत्रात नाव कोणाकडे राहील असे लिहिले आहे आणि सही करणाऱ्यास सहीचा अधिकार आहे काय, या तिन्ही गोष्टी कागदावर पाहणे आवश्यक ठरते.

व्यापारचिन्हांची नोंद निबंधकांच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क पाहता येते. गुजरातमधील व्यावसायिकाचा अर्ज अहमदाबाद कार्यालयाकडे जातो. गोव्यासाठी मुंबई कार्यालय आहे. नोंदणी मात्र एकदा झाली की संपूर्ण देशात लागू होते आणि दहा वर्षे टिकते. नंतर नूतनीकरण करावे लागते. नोंद पाहताना वर्गही पाहावा. उपाहारगृहाची सेवा त्रेचाळिसाव्या वर्गात येते, फरसाणाचे अनेक प्रकार तिसाव्या वर्गात. दुकानदाराने केवळ पाकीटबंद शेवेसाठी नोंदणी केली असेल, तर उपाहारगृहाच्या पाटीचे संरक्षण तितकेच कच्चे राहते. ‘अर्ज केला आहे’ आणि ‘नोंदणी झाली आहे’ यांत तर मोठे अंतर आहे. अर्ज जाहीर झाल्यावर चार महिन्यांपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो आणि विरोध आला की प्रकरण लांबते. ‘सेव-उसळ’ हा शब्द स्वतः कोणाच्याच मालकीचा होऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे. पदार्थाच्या नावासाठी कोणी शुल्क मागत असेल तर ते कशाचे, हे विचारावे.

नोंदणीला आणखी एक मर्यादा आहे. गोव्यात कोणी तेच नाव मूळ मालकाच्या आधीपासून सातत्याने वापरत असेल, तर नोंदणीच्या जोरावर त्याला थांबवता येत नाही. त्यामुळे बडोद्याची नोंद पाहून झाल्यावर गोव्याच्या बाजारात एक फेरी मारणे हेही कागदपत्र तपासण्याइतकेच गरजेचे आहे.

व्यापारचिन्ह वापरण्याची परवानगी लेखीच हवी. अशा परवानगीने होणारा वापर कायद्याच्या दृष्टीने मालकाचाच वापर मानला जातो. मात्र वापरकर्त्याची निबंधकांकडे ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद झाली नसेल, तर चिन्हाच्या उल्लंघनाविरुद्ध त्याला स्वतः दावा लावता येत नाही. उद्या मडगावात कोणी त्याच नावाची पाटी लावली, तर म्हापशाच्या दुकानदाराने बडोद्याकडे पाहत बसायचे काय? यासाठी करारात दोहोंपैकी एक तरतूद असावी : एकतर वापरकर्त्याची नोंदणी, नाहीतर तक्रार मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत मालकाने कारवाई करण्याची हमी.

सहीपूर्वीचे कागद

मसाल्याचे प्रमाण, पुरवठादारांची यादी, हिशेबाची पद्धत ही माहिती देण्यापूर्वी देणारा गोपनीयतेचा करार मागतो. ते वाजवी आहे. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नसल्याने पाककृतीला त्याच कराराचे काय ते संरक्षण मिळते. घेणाऱ्याने एवढेच पाहावे की गोपनीय म्हणजे नेमके काय, हे लिहिलेले असावे. बाजारात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट गुपित ठरवून पुढे त्याला उसळ करण्यापासूनच रोखता येऊ नये.

त्यानंतर अनेकदा एक-दोन पानांचे इरादापत्र होते आणि पहिली रक्कम दिली जाते. ही रक्कम परत मिळणार की नाही, कोणत्या कारणाने आणि किती दिवसांत, हे त्या पत्रातच स्पष्ट हवे. जागा मिळाली नाही किंवा परवाना नाकारला गेला, तरी पैसे बुडतात, अशी वाक्ये त्यात सहज बसवलेली असतात.

माहिती उघड करण्याचे बंधन नसल्याने ती मागून घेणे हाच मार्ग उरतो. गेल्या तीन वर्षांची लेखापरीक्षित हिशेबपत्रके, आजवर दिलेल्या शाखांची संख्या, त्यांतील बंद पडलेल्या शाखा, चालू दावे, यांविषयीचे प्रश्न ई-मेलने विचारावेत आणि उत्तरेही ई-मेलनेच घ्यावीत. करार अधिनियमानुसार केवळ मौन बाळगणे ही सामान्यतः फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर मात्र ठरते आणि तशा परिस्थितीत करार रद्द करण्याचा हक्क मिळू शकतो. प्रश्न विचारला नाही, तर उत्तर खोटे ठरण्याचा संभवच उरत नाही. ‘सहा महिन्यांत पैसे वसूल’ हे तोंडी आश्वासन तर करारातील एका ठरावीक कलमाने पुसले जाते. यापूर्वीची सर्व बोलणी या करारात विलीन झाली आहेत, अशा अर्थाचे ते कलम जवळजवळ प्रत्येक नमुन्यात शेवटच्या पानांवर आढळते.

मुख्य करारनामा

करारनामा बहुधा इंग्रजीत असतो. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन कल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश सिद्ध केला होता. शासनाची भाषा प्रजेला कळावी ही त्यामागची दृष्टी. आज त्याच शहरातून निघणारा करार म्हापशाच्या गृहस्थाला न कळणाऱ्या भाषेत येतो आणि तो ‘सगळ्यांना हाच देतो’ या वाक्यावर विसंबून सही करतो. सही केल्यावर ‘वाचले नव्हते’ हा बचाव न्यायालयात सहसा टिकत नाही. मराठी अनुवाद करून घेण्याचा खर्च दुकानाच्या पाटीच्या खर्चाहून अधिक नसतो.

करारातील पहिली आर्थिक बाब म्हणजे रॉयल्टी. टक्का किती, यापेक्षा तो कशावर, हा प्रश्न मोठा. घरपोच पुरवठा करणाऱ्या अ‍ॅपवर शंभर रुपयांची विक्री झाली आणि अ‍ॅपने आपले कमिशन कापून उरलेली रक्कम दिली, तर टक्का शंभरावर की हाती आलेल्या रकमेवर? त्यात ग्राहकाकडून घेतलेला कर धरायचा की वगळायचा? यांची उत्तरे करारात नसतील, तर हिशेब देणाऱ्याच्या सोयीने होतो. रॉयल्टी आणि फ्रँचायझी शुल्क यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. व्यवहार गुजरात आणि गोवा या दोन राज्यांतील असल्याने तो एकात्मिक कर म्हणून आकारला जातो. येथे उपाहारगृहवाल्यांची एक अडचण आहे आणि ती फार कमी जण आधी लक्षात घेतात. सर्वसाधारण उपाहारगृहे ५ टक्के दराने कर भरतात आणि त्या दरात, भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे रॉयल्टीवरचे १८ टक्के परत मिळत नाहीत. तो निव्वळ खर्च ठरतो. सहा टक्के रॉयल्टी ठरली असे समजणारा माणूस प्रत्यक्षात सात टक्क्यांहून थोडे अधिक देत असतो. याशिवाय रॉयल्टी देताना उद्गम करकपातीची जबाबदारी येते काय, हे लेखापालाकडून पहिल्याच महिन्यात समजून घ्यावे.

क्षेत्र हा दुसरा विषय. ‘म्हापसा’ एवढेच लिहिले असेल, तर पर्वरीत किंवा कळंगुटला दुसरी शाखा देण्यास देणारा मोकळा असतो. क्षेत्र बार्देश तालुका असे लिहून घेतले, तरी अ‍ॅपवरून शेजारच्या शाखेने त्या हद्दीत पुरवठा करावा की नाही, हे वेगळे लिहावे लागते.

मसाला, शेव, डबे सारे बडोद्याहूनच घेण्याची अट सामान्यतः असते. चवीची एकवाक्यता राखण्यासाठी मसाल्यापुरती ती समजण्यासारखी आहे; कागदी वाट्या आणि झाडूसुद्धा त्यांच्याचकडून घ्यायचे, ही अट मात्र नफा दोनदा काढण्याची. स्पर्धा अधिनियमात एका वस्तूबरोबर दुसरी बांधून देण्याच्या करारांचा उल्लेख आहे खरा, परंतु त्याचा उपयोग होण्यासाठी बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम दाखवावा लागतो. एका गावातील एका दुकानाला ते सिद्ध करणे जवळपास अशक्य. म्हणून किमतीला कमाल मर्यादा, वाहतूक कोणाकडे आणि माल वेळेवर न आल्यास स्थानिक खरेदीची मुभा, ही तीन वाक्ये करारातच घालून घ्यावीत.

कार्यपद्धतीची पुस्तिका करारासोबत येते किंवा नंतर पाठवू असे सांगितले जाते. ‘पुस्तिकेत वेळोवेळी होणारे बदल बंधनकारक राहतील’ या वाक्याच्या आधारे दोन वर्षांनी सगळे फर्निचर बदलण्याचा आदेश येऊ शकतो. बदलाच्या खर्चाला वार्षिक मर्यादा नसेल, तर सही करू नये, असे म्हणण्याइतकी ही बाब गंभीर आहे.

नोटिशीचे दिवस

साऱ्या करारात सर्वांत कमी वाचले जाणारे आणि सर्वांत महाग पडणारे कलम म्हणजे करार समाप्तीचे. ‘कोणताही पक्ष ३० दिवसांची नोटीस देऊन हा करार संपवू शकतो’ हे वाक्य दोन्ही पक्षांना समान दिसते. तसे ते नाही. देणाऱ्याचे त्यात एक नाव अडकलेले असते. घेणाऱ्याची जमापुंजी अडकलेली असते.

या वाक्याचा अर्थ न्यायालयात काय होतो, हे इंडियन ऑइल कॉर्पोरेशन विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या १९९१ मध्ये प्रकाशित झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून कळते. गॅस वितरकाची एजन्सी रद्द करण्यात आली होती. ती रद्द करणे गैर होते, असे लवादाने ठरवले आणि वितरण पुन्हा सुरू करून देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश टिकू दिला नाही. करारात कोणत्याही पक्षाला ३० दिवसांच्या नोटिशीने तो संपवण्याची मुभा होती. असा स्वभावतःच संपुष्टात आणता येणारा करार न्यायालय जबरदस्तीने चालू ठेवू शकत नाही, असे ठरले. वितरकाला मिळाली ती त्या ३० दिवसांच्या उत्पन्नाइतकी भरपाई. रद्द करणे चुकीचे ठरूनही हाती आला तो एक महिना.

फ्रँचायझीवरील भारतातला सर्वांत महत्त्वाचा निकालही शेवटी नोटिशीच्या मुदतीवरच येऊन ठेपला, आणि तोही गुजरातमधलाच आहे. गुजरात बॉटलिंग कंपनी अहमदाबाद आणि राजकोट येथे शीतपेये भरत असे. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट या पेयांची व्यापारचिन्हे पार्लेकडून कोका-कोलाकडे गेली आणि १९९३ मध्ये बाटल्या भरणाऱ्या या कंपनीशी करार झाला. कराराच्या काळात इतर कोणाची पेये भरायची नाहीत, असे त्यात होते. जानेवारी १९९५ मध्ये त्या कंपनीचे समभाग पेप्सीशी संबंधित मंडळींकडे गेले आणि कंपनीने ९० दिवसांची नोटीस दिली. कोका-कोलाचे म्हणणे, मुदत एक वर्षाची आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मनाई कायम ठेवली. करार चालू असेपर्यंत दुसऱ्याचा माल न विकण्याची अट ही व्यवसायबंदी नव्हे, तर व्यवसायाच्या वाढीचेच साधन आहे, असे त्यात म्हटले आणि फ्रँचायझीच्या व्यवहारात अशी अट सामान्य असल्याचे मान्य केले.

दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या त्या झुंजीतून म्हापशाच्या दुकानदाराला घेण्यासारखे पुष्कळ आहे. करार चालू असताना त्याच दुकानात दुसरी सेव-उसळ, किंवा पत्नीच्या नावे शेजारी दुसरे दुकान, हे न्यायालय थांबवू शकते. समभाग किंवा भागीदारीतील हिस्सा विकण्यापूर्वी परवानगी लागते, ही अटही तितकीच गांभीर्याने घ्यावी लागते. आणि नोटिशीची मुदत हा तपशील नाही. साऱ्या व्यवहाराचे वजन तिच्यावर तोललेले असते. गुंतवणूक वसूल होण्यास तीन वर्षे लागणार असतील, तर तेवढ्या काळात कारणाशिवाय करार संपवता येणार नाही, असे लिहून घ्यावे. कारण असल्यास ते कोणते, चूक सुधारण्यासाठी किती दिवस मिळतील, हेही त्यापुढे यावे.

करार संपल्यानंतरची स्थिती वेगळी आहे. ‘पुढील तीन वर्षे गोव्यात खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणार नाही’ असे कलम आढळले, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. करार अधिनियमाचे कलम २७ व्यवसायास सर्वस्वी रोखणारे करार शून्य मानते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निरंजन शंकर गोलिकरी खटल्यात नोकरीच्या मुदतीपुरते बंधन वैध ठरवले, तर १९८० मध्ये कृष्ण मुरगई यांच्या प्रकरणात नोकरी सुटल्यानंतरचे बंधन अमलात येऊ दिले नाही. दोन्ही खटले नोकरीसंबंधी असले, तरी फ्रँचायझीच्या वादांत हाच भेद वापरला जातो. उसळ करण्याचा हक्क राहतो. जुने नाव, जुनी पाटी आणि गोपनीय म्हणून मिळालेले मसाल्याचे प्रमाण वापरण्याचा राहत नाही.

भांडण कोणत्या गावी?

‘वाद उद्भवल्यास बडोदे येथील न्यायालयांचा अधिकार राहील.’ या एका ओळीमुळे अनेक रास्त दावे लावलेच जात नाहीत. पन्नास हजारांच्या अनामतीसाठी गोव्याहून बडोद्याला प्रत्येक तारखेला कोण जाणार?

या विषयावरचा १९८९ चा ए. बी. सी. लॅमिनार्ट खटलाही गुजरातचाच. जरीच्या धाग्याचा उत्पादक गुजरातचा, खरेदीदार तमिळनाडूतील सेलमचा. कागदावर लिहिले होते की वाद खेडा येथील अधिकारक्षेत्रात येईल. ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ असा शब्द नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सेलमच्या न्यायालयाचा अधिकार नाहीसा झाला नाही, असे ठरवले. पुढची अनेक वर्षे वकील मंडळी त्या एका शब्दाच्या शोधात करार चाळत राहिली. २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या खटल्यात चित्र पालटले. जयपूरच्या विक्रेत्याच्या करारात कोलकाता येथील न्यायालयांचा उल्लेख होता. ‘केवळ’ हा शब्द त्यातही नव्हता. तरीही एका गावाचे नाव घेतले म्हणजे बाकीची वगळण्याचाच हेतू दिसतो, असे न्यायालयाने म्हटले आणि विक्रेत्याला कोलकात्याकडेच जावे लागले. तात्पर्य, ‘फक्त’ लिहिलेले नाही म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले. मात्र ज्या गावी व्यवहाराचा काही भागच घडला नाही, त्याची निवड सामान्यतः चालत नाही. बडोदे आणि म्हापसा यांच्यातील करारात गोव्यातील न्यायालय लिहून घेणे पूर्णतः शक्य आहे.

लवादाचे कलम असल्यास लवादाचे स्थान पाहावे. बहुतेक न्यायालयीन अर्जही मग त्याच ठिकाणी करावे लागतात. ‘एकमेव लवाद देणाराच नेमील’ हे कलम २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही, कारण निकालात स्वारस्य असलेल्याने एकट्याने न्यायाधीश निवडू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले. लवाद नसेल आणि दावा तीन लाख रुपयांहून कमी नसेल, तर तो वाणिज्य न्यायालयाकडे जातो; फ्रँचायझी करारांचा त्या कायद्यात स्वतंत्र उल्लेख आहे. तातडीच्या मनाईची मागणी नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थी अनिवार्य आहे.

मुद्रांक शुल्काची हयगयही येथेच नडते. पुरेसा मुद्रांक नसलेला करार, कमी पडलेले शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. त्यातील लवादाचे कलम त्यामुळे शून्य ठरत नाही, हे सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, एवढाच दिलासा.

गोव्याच्या बाजूचे कागद

बडोद्याच्या वकिलाने तयार केलेल्या मसुद्यात न येणारी एक गोष्ट गोव्यात आहे. येथे विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक असते. अनामतीऐवजी घर तारण मागितले, तर एकट्या पतीची किंवा एकट्या पत्नीची सही पुरत नाही. जोडीदाराची संमती लागते. ही समाईकता आयकरातही मानली जाते आणि व्यवसायाचे उत्पन्न दोघांत समान विभागून दाखवावे लागते. साहजिकच, नुकसान झाले तर ते कोणाच्या वाट्याला येते, हे वेगळे सांगायला नको. वैयक्तिक हमीपत्रावर सही करताना तर दोघांनी एकत्र बसून ते वाचावे. हमीदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते आणि आधी दुकानाकडून वसुली करा, असे त्याला सहसा म्हणता येत नाही.

जागा भाड्याची असेल, तर भाडेकराराची मुदत आणि फ्रँचायझीची मुदत जुळली पाहिजे. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि जागा अकरा महिन्यांची, ही जोडी नेहमी दिसते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो. तो खर्च टाळण्यासाठी अकरा महिने लिहिले जातात आणि बाराव्या महिन्यात घरमालक भाडे दुप्पट मागतो. फ्रँचायझी देणारा मात्र रॉयल्टीची किमान रक्कम मागतच राहतो. जागा जाणे हे करार बिनदंड संपवण्याचे कारण मानावे, असे वाक्य म्हणूनच हवे.

अन्नपरवाना जागेगणिक वेगळा असतो. बडोद्याच्या दुकानाचा क्रमांक म्हापशाच्या भिंतीवर लावून चालत नाही. पालिकेचा वा पंचायतीचा व्यापार परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद आणि वस्तू व सेवा कराची नोंद ही सारी घेणाऱ्याच्या नावे होते. बडोद्याहून येणाऱ्या शेवेच्या पाकिटावर उत्पादकाचे नाव, वजन, तारीख व कमाल किंमत नसेल, तर तपासणीत दुकानदाराला उत्तर द्यावे लागते. त्याची भरपाई पुरवठादाराने करावी, असे करारात असावे.

शेवटचा दिवस

करार संपेल त्या दिवशी काय व्हावे, हे करार सुरू होण्यापूर्वी लिहिणे अप्रिय वाटते. लग्नाच्या बोलण्यात काडीमोडाचा विषय काढल्यासारखे. तरीही ते लिहावे लागते. अनामत किती दिवसांत परत मिळेल आणि विलंब झाल्यास व्याज किती. उरलेला मसाला आणि छापील डबे देणारा कोणत्या किमतीला परत घेईल. पाटी उतरवण्याचा खर्च कोणाचा. ‘अनामत जप्त’ असे लिहिले असले, तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते, लिहिलेली रक्कम सरसकट देत नाही. परंतु ते ठरवण्यासाठी न्यायालयात जावे लागतेच.

अलीकडच्या वादांत आणखी एक मुद्दा येऊ लागला आहे. दुकानाचा दूरध्वनी क्रमांक, घरपोच पुरवठ्याच्या अ‍ॅपवरील खाते, नकाशावरील नोंद आणि तेथे जमलेले ग्राहकांचे अभिप्राय कोणाच्या नावावर आहेत? पाटी एका दुपारी उतरते. पण गिऱ्हाईक त्याच क्रमांकावर फोन करीत राहते आणि तो फोन बडोद्यात वाजणार की म्हापशात, हे पहिल्या दिवशी अर्ज कोणाच्या आधार कार्डावर भरला होता, यावरून ठरते.